तीस कशाचे?

स्कूटरच्या पुस्तिकेत ऑइल लिहिलंय १०डब्ल्यू-३०. नागपुरात मे महिना, बाहेर ४५ अंश. मग हे तीस कशाचं? दुकानात शेजारीच २०डब्ल्यू-५० चा डबा होता. या उन्हाला तोच बरा वाटत होता. गॅरेजवाल्या भाऊंना विचारलं. म्हणाले, "ऊन बाहेर हाय जी. ऑइल इंजिनात राह्यते."

पुढचं माझं मलाच शोधावं लागलं. हे आकडे म्हणजे तापमान नव्हेच. एसएई या अमेरिकी संस्थेने पाडलेल्या प्रती आहेत. मागचा आकडा ऑइल १०० अंश सेल्सियसला किती दाट राहतं त्याचा. दाटपणाचं माप सेंटिस्टोक: तीसच्या प्रतीला ९.३ ते १२.५, पन्नासच्या प्रतीला १६.३ ते २१.९. डब्ल्यू म्हणजे विंटर, म्हणून पुढचा आकडा थंडीचा. १०डब्ल्यूची परीक्षा उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. उणे पंचवीस! आमच्याकडे पारा आठावर उतरला तरी शेकोट्या पेटतात.

खरी गाठ पुढे बसली. थंडीत दहा, तापल्यावर तीस; म्हणजे हे ऑइल तापून घट्ट होतं? पाकसुद्धा तापला की सैल होतो. दोन दिवस डोकं चालेना. मग कळलं की दहाची फूटपट्टी वेगळी, तीसची वेगळी. ऑइल पातळच होतं, आणि भरपूर: ४० अंशांना साधारण सत्तर सेंटिस्टोक असलेलं शंभरला दहा-अकरावर येतं. फक्त साध्या दहा प्रतीच्या ऑइलइतकं ढासळत नाही. त्यात लांब साखळ्यांचे पॉलिमर घातलेले असतात. गारठ्यात ते आखडून बसतात, उष्णतेत पसरतात आणि पातळपणाला आवर घालतात. इंजिनाच्या फिरत्या भागांत चिरडून त्या साखळ्या तुटतात, म्हणून जुन्या ऑइलचं तीस तीस उरत नाही. ऑइल वेळेवर बदला असं सगळेच सांगतात, हे कारण कुणी सांगत नाही.

आणि पन्नास? जास्त दाट ऑइल अरुंद फटींत उशिरा पोचतं, पंपाला जड जातं, पेट्रोलही थोडं जास्त जळतं. पुस्तिकेतली प्रत त्या फटी बघूनच ठरवलेली असते. भाऊंचं एक वाक्य पुरेसं होतं तर.

पुस्तिका मिटणार, तेवढ्यात गिअर ऑइलची ओळ दिसली: ९०. म्हटलं, हे तर डांबरच असणार! पण गिअर ऑइलची फूटपट्टी तिसरीच. तिथलं नव्वद इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नासच्या घरात येतं.