फिकट छापलेल्या रेघा

ट्रॉम्ब्याच्या वसाहतीतल्या आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा सोव्हिएत पुस्तकांचा होता. 'देनिसच्या गोष्टी' आम्ही तिथेच बसून वाचल्या. आई त्या साऱ्यांना 'रशियन पुस्तके' म्हणे आणि आम्हीही तेच म्हणत आलो. या एका विशेषणात केवढी चूक दडली आहे हे कळायला १९९१चा डिसेंबर उजाडावा लागला.

२५ तारखेला गोर्बाचेव्ह पायउतार झाले. वडिलांनी आमचा शाळेचा नकाशासंग्रह मागून घेतला आणि पेन्सिलीने एकेक सीमा गडद करत बसले. एकही रेघ त्यांना नव्याने आखावी लागली नाही. पंधराही प्रजासत्ताकांच्या सीमा तिथे फिकट का होईना, छापलेल्याच होत्या. एकाच रंगाच्या पसाऱ्यात आम्ही त्या कधी पाहिल्या नव्हत्या, इतकेच.

३० डिसेंबर १९२२ रोजी रशिया, युक्रेन, बेलारूस आणि ट्रान्सकॉकेशिया यांनी मिळून हा संघ स्थापला. इतरांना रशियातच स्वायत्त घटक म्हणून सामावून घ्यावे, असे स्टालिनचे मत. समान दर्जाच्या प्रजासत्ताकांचा संघ हवा, हा लेनिनचा आग्रह. कागदावर लेनिन जिंकला. विसाच्या दशकात कित्येक लहान भाषांना लिपी मिळाली, शाळा मिळाल्या. पुढे त्याच राज्याने १९४४ साली चेचेन आणि क्रिमियन तातार यांना समूळ उचलून दूर नेऊन टाकले. फुटून निघण्याचा हक्क १९७७च्या राज्यघटनेतही होता. तो बजावायचा कसा, याचा कायदा मात्र १९९० साली आला. १ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला, आणि संघ उरला तो नावापुरता.

या साऱ्याशी मराठी माणसाचे नाते दूरचे नाही. १९४२ साली कम्युनिस्ट पक्षासाठी राष्ट्रीयत्वांच्या स्वयंनिर्णयाची मांडणी केली ती डॉ. गंगाधर अधिकारी या मराठी रसायनशास्त्रज्ञाने, आणि तिच्यामागे सोव्हिएत नमुना होता. घाटकोपरच्या चिरागनगरातले अण्णाभाऊ साठे स्टालिनग्राडचा पोवाडा रचत होते, तसेच संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थापही मारत होते. त्यांना यात विसंगती वाटली नाही, कारण ती नव्हतीच. भाषेला घर मिळाले म्हणजे संघ बळकट होतो, ही श्रद्धा दोन्हींच्या मुळाशी होती. तरीही १९६१च्या सोव्हिएत दौऱ्यावरील त्यांच्या पुस्तकाच्या नावात 'रशिया'च आहे.

आपल्या राज्यघटनेने फुटण्याचा हक्क कोणालाच दिला नाही. परंतु शंभराहून अधिक माणसांचे बळी गेल्यावर, १९५७च्या निवडणुकीत मतदारांनी इंगा दाखवल्यावर, १ मे १९६० रोजी द्विभाषिक मोडले. तिथे हक्क होता, पण भांडायला जागा नव्हती. इथे हक्क नव्हता, पण रस्ता आणि मतपेटी होती. आम्हाला हा फरक निर्णायक वाटतो.

मात्र समाधानाचा हा सूर फार ताणू नये. आमच्या वसाहतीपासून जवळच चीता कॅम्प आहे. १९७६ साली, आणीबाणीत, अणुकेंद्रालगतच्या जनता कॉलनीतली नाना भाषांची हजारो माणसे उठवून तिथे नेली गेली. मतपेटी मिटलेली असली की आपले राज्यही माणसे कशी हलवते, हे पाहायला आम्हाला मॉस्कोपर्यंत जायला नको.

आज आम्ही वर्गात साहित्य शिकवतो तेव्हा जीभ सवयीने 'रशियन' या शब्दाकडे वळते. मग आम्ही थांबतो. चिंगिझ ऐतमातोव्ह किर्गिझ होते. रसूल गमझातोव्ह अवार भाषेत लिहीत. ते आमच्यापर्यंत पोचले ते बहुधा रशियनच्या पुलावरून. त्या पुलाचे ऋण आम्ही नाकारत नाही. पण पुलालाच गाव समजण्याची चूक आमची होती. तो नकाशासंग्रह अजून घरी आहे. वडिलांची पेन्सील पुसट होत चालली आहे. तिच्याखालच्या छापील रेघा तशाच आहेत.