दस्ता ते दांडी, व्हाया सातारा-मिरज

सातारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हटलं की सगळ्यांना वाघनखं आठवतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली ती वाघनखं जुलै २०२४ मध्ये इथे आली, तेव्हा बघणाऱ्यांची झुंबड उडाली होती. मला मात्र म्युझियम बघावं तर निवांत. कट्यारी, भाले, गेंड्याच्या कातडीची ढाल असं सगळं बघत मी अडकले ती बंदुकांपाशी. नळीपाशी नाही हं, लाकडापाशी!

बंदुकीचा हा लाकडी भाग म्हणजे दस्ता. आपलं लक्ष कायम नळीकडे, पण खांद्याला आणि गालाला लागतो तो दस्ताच. बार उडाला की सगळा दणका तोच सोसतो. म्हणून लाकूड बघून घ्यावं लागतं. चिवट हवं, पण उचलताना हात भरून येईल इतकं जड नको. जगभर या कामात अक्रोडाला मान आहे, कारण ते दणक्याने सहजी फुटत नाही आणि नीट मुरवलं की फारसं वाकत-फुगत नाही. शिवाय नुसतं लाकूड चांगलं असून भागत नाही. मुठीची जागा बारीक असते. तिथे लाकडाचे रेषे आडवे गेले तर दस्ता नेमका तिथेच चिरतो. रेषे मुठीच्या दिशेनेच धावले पाहिजेत. म्हणजे आधी फळी वाचायची आणि मगच करवत लावायची!

आणि ओलं लाकूड? नावच नको. दमट हवेत ते फुगतं, नळीला रेटतं आणि नेम केसभर सरकतो. म्हणूनच हल्ली लाकडाला सुट्टी मिळालीये. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्या प्रकारात आता अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात. बंदुकीचं लाकडावाचून काही अडलं नाही.

मग लाकूड वाचणारे हात बघायचे कुठे? त्यासाठी गाडी दक्षिणेला काढा. कराड ओलांडा, सांगलीत भडंग घ्या आणि पुढे दहाएक किलोमीटरवर मिरज गाठा. इथली सतार आणि तानपुरा देशभरातल्या मैफलींत वाजतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण हे काम सुरू करणारे मूळचे शस्त्रांचे कारागीर होते, हे ठाऊक होतं? शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार-पाणी देणारे. पेशवाई संपली, लढाया थांबल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरेना. त्याच सुमारास मिरजेत पटवर्धन संस्थानिकांमुळे गाणं रुजत होतं. वाद्यं मात्र उत्तरेतून यायची आणि बिघडली की दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न असायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम अंगावर घेतलं. आधी दुरुस्ती, मग थेट नवं वाद्य. पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. बॉस, याला म्हणतात करिअर चेंज!

त्यांच्या गल्लीत शिरलं की आधी दिसतात भोपळे. छताला टांगलेले, भिंतीला रचलेले. हे भाजीचे नाहीत, खास वाद्यासाठी पिकवलेले कडू भोपळे. ते मंगळवेढा भागातून येतात आणि महिनोन्‌महिने सुकतात. लाकूड येतं कर्नाटकच्या जंगलातून, प्रामुख्याने तुणीचं. आणि मग तोच खेळ, जो मी साताऱ्यात काचेमागे बघितला होता. तानपुऱ्याची लांब दांडी आतून पोकळ असते आणि तारांचा ताण तिला सतत ओढत असतो. रेषे तिरपे असले किंवा लाकूड कच्चं असलं, तर दांडी वाकणार आणि वाद्य कामातून जाणार. भोपळ्यावर बसते ती तबली. ती जाड राहिली तर आवाज मुका, फार तासली तर दबणार.

सगळ्यात शेवटी जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानस आणि पॉलिशपेपरने किंचित उतरता करायचा. घासा, तार छेडा, ऐका, पुन्हा घासा. इथे केसभर जास्त घासलं गेलं की ती गूंज गेलीच. दस्त्यात केसभराने नेम जातो, इथे सूर. मोजायला यंत्र नाही, फक्त बोट आणि कान. मी तास-दीड तास नुसती बघत बसले, मोबाइल बॅगेतच राहिला.

त्या मोबाइलचाच तर इथे प्रश्न आहे. त्यात तानपुऱ्याचं अ‍ॅप आहे, माझ्याही आहे. फ्लॅटमध्ये रात्री अकराला रियाज करायचा तर ते सोयीचंच. पण शिकलगार तलवारीकडून तानपुऱ्याकडे वळले तेव्हा हाताचं काम हातातच राहिलं होतं. अ‍ॅपला हातच लागत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, छान झालं. त्यामुळे नाव राखलं जाईल. पण जवारी काढायला वर्षानुवर्षं शेजारी बसून शिकावं लागतं आणि घरातल्या पुढच्या पिढीला आपल्यासारखीच एसी ऑफिसातली नोकरी खुणावत असते. त्यांना दोष कसा द्यायचा? ऑर्डर येत राहिल्या तरच कुणीतरी शेजारी बसेल. रायफलीला लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियम मिळालं. अ‍ॅपमधला सूर मात्र कुठल्यातरी खऱ्या तानपुऱ्याचीच नक्कल आहे, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा गाणं शिकत असाल, किंवा घरात कुणी शिकत असेल, तर पुढचा तानपुरा मिरजेत जाऊन घ्या. घाई करू नका. चार तानपुरे मांडीवर घ्या, डोळे मिटा आणि ऐका.

कसं जाल?
पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर, तिथून कराडमार्गे मिरज साधारण १३५. शनिवारी सातारा, रविवारी मिरज असा झकास वीकेंड होतो. मुंबईकरांसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस थेट मिरजेला सोडते. मीरासाहेब दर्गा चुकवू नका. उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथेच विसावलेत. आणि परतताना साताऱ्याचे कंदी पेढे, हे काय सांगायला हवं?