शेवट ठाऊक असलेल्या कादंबऱ्या

‘शेवट सांगू नकोस हं,’ असं कादंबरी हातात घेतलेला माणूस हमखास बजावतो. रहस्यकथांपुरतं ते अगदी बरोबर आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांपायी लोकांनी रात्री जागवल्या, त्या खुनी कोण हे कळल्याशिवाय डोळा लागणार नव्हता म्हणूनच. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही मंडळी वाचनालयातून एका रात्रीपुरती घरी यायची. आमच्या वाचनालयातल्या प्रती जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतल्या, कोपरे हाताळून मऊ पडलेल्या असत. एखादीचं शेवटचं पान गळालेलं निघालं, तर आधीची शंभर पानं वाचली काय नि न वाचली काय, सारखंच! लेखकाने वाचकाला शब्द दिलेला असतो: तू धीर धर, मी उलगडा करून देतो. अर्नाळकर तो शब्द पाळत, आणि म्हणून लोक त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जात. हे काम हलकं आहे असं मला कधीच वाटलं नाही. मराठीतल्या कितीतरी माणसांना वाचायची सवय लागली ती याच पुस्तकांमुळे.

पण माझ्या कपाटातल्या ज्या कादंबऱ्या सारख्या बाहेर निघतात, त्यांतल्या बहुतेकींचा शेवट मला पहिलं पान उघडायच्या आधीपासूनच ठाऊक होता.

‘स्वामी’च घ्या. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ साली आली. माधवराव पेशवे क्षयाने थेऊरला गेले, रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या, हे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातच वाचलेलं असतं. मग वाचायचं काय उरलं? माझ्या मते सगळंच उरतं. पानिपतानंतर, १७६१ साली, सोळा वर्षांच्या पोराला पेशवाईची वस्त्रं मिळतात. घर फुटलेलं, चुलते रघुनाथराव रुसलेले, दौलत कर्जात. तो मोहिमा आखतो, हिशेब तपासतो, माणसं जोडतो. त्याच्यापुढे अख्खं आयुष्य आहे. आपल्याला मात्र माहीत असतं की हातात जेमतेम अकरा वर्षं आहेत. त्यामुळे साधा संवादही निराळा ऐकू येतो. रमाबाईंशी तो चार शब्द बोलून पुन्हा कामाला लागतो, तेव्हा आपला जीव तुटतो. अरे, थांब ना जरा, असं म्हणावंसं वाटतं. हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नाही. शेवट ठाऊक असल्यामुळे ते आपण वाचतो. कादंबरीने इतिहासाला फार गोड रंग दिला, हा जाणकारांचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. तरीही थेऊरला गेले की चिंतामणीचं दर्शन घेऊन मी नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी जाते. तिथे मला नेलं ते देसाईंनी, इतिहासाच्या पुस्तकाने नव्हे.

‘पण लक्षात कोण घेतो?’चं थोडं वेगळं आहे. हरिभाऊ आपटे १८९० पासून ती ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः लिहीत होते. त्या वाचकांना पुढच्या आठवड्याची वाट बघावी लागे आणि नायिका यमूचं काय होणार याची कल्पना नसे. आपल्याला ती सोय नाही. यमूचा नवरा रघुनाथराव जाणार, तिचं जबरदस्तीने केशवपन होणार, हे आपण ऐकूनच असतो. म्हणून मला त्यातली दुःखाची पानं जितकी जड जातात, त्याहून मुंबईतल्या संसाराची पानं जड जातात. नवरा शिकवतो आहे, ती शिकते आहे, दोघं मोकळेपणाने बोलताहेत. एकोणिसाव्या शतकातल्या मुलीला इतकं साधं सुख मिळतंय आणि ती ते हरखून सांगतेय. यमूच्या तोंडून, प्रथमपुरुषात, ही गोष्ट सांगायची हे हरिभाऊंना सुचलं, यातच त्या कादंबरीचं निम्मं मोठेपण आहे.

नारायण धारपांच्या भयकथा मी अजूनही वाचते आणि आवडीने वाचते. तिथे शेवट हा बहुधा सर्वांत कच्चा भाग असतो. धारपांच्या कथांतले समर्थ आले, त्यांनी साधनेच्या बळावर त्या अमानवी शक्तीला रोखलं, की भीती ओसरते. पण त्याआधी? नवं भाड्याचं घर, वरच्या मजल्यावरची बंद खोली, संध्याकाळी उगाच वाटणारा गारवा. घरातल्या माणसांना अजून काही जाणवलेलं नसतं आणि आपण मात्र अंग चोरून बसलेलो असतो. मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत भीती इतक्या शांतपणे आणणारा दुसरा लेखक मराठीत मला दिसत नाही. समीक्षेने त्यांची पुरेशी दखल घेतली नाही, हे मला मनापासून खटकतं.

जयंत नारळीकरांनी तर शेवट सरळ मुखपृष्ठावरच छापला: ‘वामन परत न आला’. जमिनीखाली एका प्राचीन संस्कृतीने ठेवलेली पेटी, तिच्यातल्या माहितीवरून घडवलेला बुद्धिमान यंत्रमानव, आणि आपण बनवलेलं यंत्र आपल्यालाच भारी पडलं तर, हा प्रश्न. वैज्ञानिकाला उत्तर लपवण्यात रस नाही. उत्तरापर्यंतची वाट तो एकेक पायरी दाखवत चालतो. आज घराघरांत यंत्राच्या बुद्धीची चर्चा चालते, तेव्हा हे पुस्तक पुन्हा उघडावं.

आता ‘रणांगण’. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ सालची. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. बोटीवर मायदेशी परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू मुलगी हॅर्टा. त्याला मुंबईला उतरायचंय. तिला उतरायची मुभा नाही, पुढे पूर्वेकडे जायचंय. त्या काळात शांघायमध्ये व्हिसाशिवाय उतरता येई, म्हणून हजारो ज्यू तिकडे धाव घेत होते. मुंबईचं बंदर दर दिवशी जवळ येतंय, आणि बंदर आलं की यांचं सगळं संपणार, हे दोघांनाही ठाऊक आहे. डेकवरच्या गप्पा, जेवणाची टेबलं, पोरांचा दंगा, हेवेदावे हे सारं त्या एका तारखेच्या छायेत चालतं.

पण मला दरवेळी हादरवतं ते निराळंच. या पुस्तकाचा खरा शेवट बेडेकरांनाही ठाऊक नव्हता. कादंबरी लिहिली गेली तेव्हा छळछावण्यांतल्या वायुकोठड्या अजून उभ्या राहायच्या होत्या. बोटीवरची माणसं मागे राहिलेल्या आईबापांबद्दल, भावंडांबद्दल बोलतात, कुणी पत्राची वाट बघतो. त्यांचं पुढे काय झालं असेल, हे लिहिणाऱ्याला माहीत नाही. वाचणाऱ्या आपल्याला माहीत आहे. लेखकाला अंधुक दिसलेलं पुढे साठ लाख माणसांच्या बाबतीत खरं झालं. अशी कादंबरी मराठीत लिहिली गेली आणि तीही इतक्या लवकर, याचा मला अभिमान वाटतो.

‘रणांगण’ लहानशी कादंबरी आहे, एका सुट्टीत वाचून होते. अजून वाचली नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ती घ्या.