शेण आणि मेण

आमची गाडी नऊ वर्षांची, दुसऱ्या हाताची, छोटी हॅचबॅक. एचएसआर लेआउटहून जयनगरच्या शाळेपर्यंत रोज सकाळी मी लेकीला तिच्यातून सोडते. अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, पण मध्ये सिल्क बोर्डाचा चौक असल्यामुळे पाऊण तास धरायचा. हा पाऊण तास म्हणजे आमच्या घरातली मराठीची वेळ. शाळेत इंग्रजी, खाली अंगणात कन्नड, नवरा हिंदी भाषक. सहा वर्षांच्या मुलीच्या कानावर सलग मराठी पडते ती फक्त गाडीत.

ती बोलते माझी आई, बेळगावहून. टिळकवाडीतल्या घरात बसून ती रोज रात्री फोनवर एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवते. मी ती आधी ऐकत नाही. ती लेकीच्या हक्काची. सकाळी गाडी सुरू झाली की दोघींनी मिळून ऐकायची, असा नियम.

एका पावसाळी सकाळी चिमणी-कावळ्याची गोष्ट लागली होती. गोष्ट संपल्यावर मागच्या सीटवरून प्रश्न आला, "अम्मा, दोघांचं घर सेम होतं, तर कावळ्याचंच का वाहून गेलं?"

मला आधी कळेचना. मग पुन्हा लावून ऐकलं. एकाचं घर शेणाचं, दुसरीचं मेणाचं. पण आमच्या दारांतून दोन्ही वेळा ऐकू येत होतं ते नुसतं "एणाचं". श गेला होता, म गेला होता. उरला होता स्वर आणि त्यामागची गुरगुर.

शाळेतून परतताना मी गाडी बाजूला घेतली आणि दाराच्या जाळीला कान लावला. कंपनीने बसवलेला कागदी शंकूचा स्पीकर. त्याच्या कडेचा फोम ऊन-पावसाने कुजून तुटला होता. उंच आवाजासाठी वेगळा ट्वीटर मुळातच नव्हता. श, स, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी चार हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असते, आणि साडेसहा इंचांचा म्हातारा कागद तिथवर नीट पोचत नाही. स्वर खालच्या पट्टीत, म्हणून ते टिकतात. आवाज वाढवून उपयोग नव्हता; स्वरच आणखी मोठे झाले असते.

मला खरी काळजी वेगळीच होती. चाक, चूल, चोर यांतला च आणि चहा, चिमणी यांतला च आपण एकाच अक्षराने लिहितो. दंत्य आणि तालव्य हा फरक लिपीत नाही, कानातच आहे. कन्नडात तो दंत्य च नाही, हिंदीतही नाही. म्हणजे माझ्या मुलीला तो पुस्तकातून कधीच मिळणार नव्हता. ती चाकाला चहातला च लावायची, आणि मी वर्षभर समजत होते की हा बंगळुरूचा परिणाम.

पैशांचं सांगायला हवं. नवऱ्याची नोकरी सुटून तेव्हा सात महिने झाले होते. घराचा हप्ता माझ्या पगारातून जात होता. अशा वेळी गाडीत स्पीकर बदलणं म्हणजे चैन, आणि ती कुणाला समजावून सांगणं कठीण. मी पाच हजारांची मर्यादा ठरवली. नवऱ्याला आकडा सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "कर. पण एकदाच कर."

बंगळुरूत गाडीचं काही करायचं म्हणजे जेसी रोड. एका टोकाला टाउन हॉल, पुढे टागोरांच्या स्मरणार्थ उभं राहिलेलं रवींद्र कलाक्षेत्र, आणि रस्त्याच्या कडेला सीट कव्हर, हॉर्न, दिवे आणि स्पीकरांची दुकानं. पहिल्या दोन दुकानांत मला वॅट दाखवले. खोक्यावर तीनशे, साडेतीनशे असे आकडे. तिसऱ्या दुकानातले काका वयस्कर होते. त्यांनी खोकं उघडलंच नाही. माझ्या गाडीच्या दारावर बोटांनी टकटक केली, पत्रा डब्यासारखा वाजला, आणि ते म्हणाले, "मोदलु डोर सरि माडि, मेडम." आधी दार नीट करा.

मग त्यांनी दक्खिनी, कन्नड आणि हातवारे यांच्या मिश्रणात जे समजावलं, ते असं: स्पीकरला खोकं लागतं, आणि गाडीत दार हेच त्याचं खोकं. शंकू पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. बाजूला फट राहिली की पुढची लाट मागच्या लाटेत मिसळून खालचे सूर विरून जातात. म्हणून स्पीकरखाली घट्ट कडं हवं, आणि दाराच्या पत्र्यावर ब्युटाइलचे चिकट पट्टे, म्हणजे पत्रा थरथरत नाही. कडं एमडीएफचं घेऊ नका, पावसाने फुगतं, प्लास्टिकचं घ्या. गाडीतल्या स्टिरिओवर पन्नास वॅट छापलेले असले तरी सलग मिळतात पंधरा-वीसच. तेव्हा वॅट सोडा, खोक्याच्या मागे डेसिबल किती ते बघा. तीन डेसिबल जास्त असतील, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. मागच्या दारांना हात लावू नका. पैसे कमी असतील तेव्हा पुढचंच नीट करायचं.

हिशेब असा झाला. मधोमध ट्वीटर असलेली कोअ‍ॅक्सियल जोडी 2400. दोन दारांचे पट्टे 1100. कडी 400. मूळ वायर न कापता जोडायचे कपलर 300. मजुरी 600. एकूण 4800.

पोरग्याने बसवून दिलं, मी आईचा आवाज लावला, आणि आई खिडकीबाहेर कुठेतरी उभी राहून बोलतेय असं वाटलं. काकांनी डोळे मिटून दोन सेकंद ऐकलं आणि पेन्सिल सेल मागवला. तारांना सेल टेकवला. एका दाराचा शंकू बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. एका बाजूचं अधिक-उणे उलटं झालं होतं. तारा बदलल्या, आणि आई डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सिल्क बोर्डाच्या सिग्नलला मी इंजिन बंद केलं. आईची नवी गोष्ट चालू होती. शेंगा, फणस, चाक, सगळं स्वच्छ. लेक ओठ हलवत होती. चाकातला च दातांमागे शोधत होती. मध्येच तिने विचारलं, "आजी बुक वाचते का?"

"नाही गं, आजीला सगळ्या गोष्टी पाठ आहेत."

"मग हा आवाज कसला?"

मी पुन्हा लावलं. वाक्य संपल्यावर एक बारीक सळसळ. दोन मिनिटांनी परत. कागदाची. आई पान उलटत होती.

संध्याकाळी फोन केला. सुरुवातीला तिने उडवून लावलं. मग म्हणाली, "अगं, हल्ली मध्येच निसटतं. म्हातारी भोपळ्यात बसते, आणि पुढे काय ते आठवतच नाही. म्हणून दुपारी लिहून ठेवते आणि रात्री वाचते. तुला कळू नये म्हणून पान हळू उलटत होते."

किती महिने, असं मी विचारलं. तिने सांगितलं. तेवढे महिने ती सळसळ माझ्या गाडीत रोज येत होती आणि कुजलेल्या कागदात जिरून जात होती.

पुढच्या आठवड्यात मी बेळगावला गेले, तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या चालू आहेत. त्याबद्दल इथे लिहीत नाही. निघण्याआधी जेसी रोडवरून वाचलेल्या दोनशे रुपयांत अव्हेन्यू रोडवर दोन जाड वह्या घेतल्या होत्या. त्या तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "पान जोरात उलटलंस तरी चालेल."

आता उलटते. ती सळसळ आली की लेक मागून सांगते, "थांब अम्मा, आजीचं पान." आम्ही दोघी थांबतो.