बोनस, कालनिर्णय आणि बँक

2019 ला घरासाठी 25 लाखांचं कर्ज घेतलं. साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 21,696. पहिल्या हप्त्यातले 17,708 नुसते व्याजात गेले! तेव्हाच ठरवलं, दिवाळीचा बोनस कर्जात भरायचा.

ठरवणं सोपं असतं हो. शेजारी नवी गाडी आली की जीव वरखाली होतो. मग बायकोने कालनिर्णयच्या दर महिन्याच्या पानावर शिल्लक मुद्दल लिहायला सुरुवात केली. लेक आधी तो आकडा बघते, मग सुट्ट्या.

2022-23 मध्ये रेपो 4 वरून साडेसहावर गेला. हप्ता तोच, म्हणून आम्ही निवांत. स्टेटमेंट काढलं तर मुदत जवळजवळ तीन वर्षांनी लांबलेली! तीन दिवाळ्यांचा बोनस पाण्यात गेल्यासारखं वाटलं. त्या वर्षी रागाने काहीच भरलं नाही. (नुकसान कोणाचं? माझंच.)

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. मी अर्ज देऊन हप्ता वाढवून घेतला. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आधी फेडल्याचा दंडही नसतो. जादा रक्कम भरताना मात्र अर्जात स्पष्ट लिहा, 'मुदत कमी करा'.

आज कालनिर्णयवर आकडा 18 लाखांच्या आत आलाय. तुमची मुदत किती उरलीय, बघितलीत का?