तुला नाही कळणार

इर्शाळवाडीच्या ढिगाऱ्यावर फावडं मारायला गेलो याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो खाली उतरल्यावर मी घरात आणि बाहेर जसा वागलो त्याचा.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, साडेदहा-अकराच्या सुमारास, खालापूर तालुक्यातल्या या ठाकरवाडीवर इर्शाळगडाची दरड कोसळली. आदल्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. वाडीची वस्ती २२८ माणसांची. रस्ताच नाही, म्हणून मोठी यंत्रं चढली नाहीत. हवा इतकी खराब की हेलिकॉप्टरही नाही. एनडीआरएफचे जवान, गिर्यारोहक, मजूर, आसपासच्या गावांतली पोरं, सगळ्यांनी हातानेच उकरलं. २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं मातीखालीच राहिली.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात शिफ्टला, घर कर्जत तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. गडावर जाता-येता त्या वाडीत कितीदा पाणी प्यायलो होतो. उकरता उकरता एका घराच्या जागी माझ्या फावड्याला पातेलं लागलं. वाकून काढलं तर आत तळाला भात चिकटलेला होता. मी ते बाजूला ठेवलं आणि पुन्हा खणायला लागलो. घरी मात्र जेवताना पातेल्यावर उलथनं वाजलं की माझा घास तोंडातच फिरायचा.

बायको विचारायची, "अहो, काय होतंय? मला सांगा ना." माझं उत्तर ठरलेलं: "तुला नाही कळणार." तिला या सगळ्यापासून लांब ठेवतोय, असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं तर बोलायला तोंड उघडलं तर रडू फुटेल, याची मला भीती होती. आमच्याकडे बापयाने रडायचं नसतं. आई गेली तेव्हा चुलत्यांनी खांद्यावर हात ठेवून तेच सांगितलं होतं, आणि मी ते इमानाने पाळत आलो होतो.

घरी बोलत नव्हतो, पण बाहेर खूप बोललो. शिफ्ट सुटली की आमची टोळी बसायची. बाटली यायची आणि कोणीतरी म्हणायचं, "सांग रे, वर काय काय बघितलंस." मी सांगायचो. दर वेळी थोडं जास्त रंगवून. ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे झाले की बरं वाटायचं, आणि रात्री अंथरुणावर पडलो की तीच चित्रं उलटून अंगावर यायची. त्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांना मैत्रीची तेवढीच रीत ठाऊक होती, आणि मलाही.

तिसरी चूक अजून सलते. वाचलेली कुटुंबं चौकला कंटेनरच्या खोल्यांत राहायला आली होती. मी सुट्टीच्या दिवशी तिथे जायचो, कधी वह्या, कधी बिस्किटं घेऊन. एकदा एका मुलाशेजारी बसलो आणि सरळ विचारलं, "त्या रात्री तू कुठे होतास?" मन मोकळं केलं की दुःख हलकं होतं, असं ऐकलेलं होतं. तो काही बोलला नाही. पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत राहिला, सगळा निघेपर्यंत. मग उठून गेला. मला वाटलं, पोरगं लाजरं आहे.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की मी नेमकं करू नये तेच केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र साधं आहे: आजूबाजूला बघा, ऐका, हवी ती मदत जोडून द्या. माणसाला आपबीती सांगायला भाग पाडू नका, असं तिच्यात स्पष्ट आहे. त्याच पुस्तिकेत मदत करणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी, याचाही भाग आहे. तो मी दोनदा वाचला. मी त्या मुलाकडे त्याच्यासाठी गेलो नव्हतो. माझ्या आतलं जे बाहेर पडत नव्हतं, ते त्याने बोलावं म्हणून गेलो होतो.

पुढच्या पावसाळ्यात कडेलोट झाला. रात्री सर कोसळायला लागली की मी टॉर्च घेऊन घरामागच्या चढावर प्रकाश मारत बसायचो. एका रात्री वर कुठेतरी फांदी मोडली. मी झोपलेल्या मुलीला दंडाला धरून उठवलं, ओढत अंगणात आणलं आणि भर पावसात उभं केलं. ती थरथरत होती. "पप्पा, काय झालं?" विचारत होती, आणि मी तिच्यावरच ओरडत होतो, गप्प उभी राहा म्हणून. दुसऱ्या दिवशी तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ होते.

बायको भांडली नाही. तिने मोबाइल पुढे धरला. टेलिमानसचा नंबर होता, १४४१६; सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. "मला नाही कळत ना," ती म्हणाली, "मग ज्यांना कळतं त्यांच्याशी बोला. मी इथेच बसते." पलीकडच्या बाईंनी आधी दरडीचं काहीच विचारलं नाही. जेवलात का, झोप किती होते, दारू किती, हे विचारलं. मला त्याचाच आधार वाटला.

त्यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांकडे गेलो, समुपदेशनाला बसलो. पण रोजचं काम घरीच होतं. लागोपाठ रात्रपाळ्या घेणं बंद केलं. दारू सोडली, त्याबरोबर ती टोळीही सुटली, आणि ते मला जड गेलं, हे लपवत नाही. एकच मित्र उरला. तो संध्याकाळी नदीकडे फिरायला येतो. बोललो तर ऐकतो, नाही बोललो तरी सोबत चालतो. मुलीची माफी मागितली. तिने लगेच "ठीक आहे" म्हटलं नाही, आणि तेच बरोबर होतं. बरेच दिवस मी जवळ गेलो की ती दंड मागे घ्यायची.

आणि बायकोला सांगितलं. पातेल्याचं. सगळं एका बैठकीत नाही, तुकड्या-तुकड्यांनी. मी रडलो तेव्हा ती उठून गेली नाही आणि तिने मला गप्पही केलं नाही. मग तिने तिचं सांगितलं. मी वर होतो तेव्हा फोन लागत नव्हता, आणि ती टीव्हीसमोर मुलीला मांडीवर घेऊन बसून होती, दुसरी दरड आली का हे बघत. वर्षभर मी तिला "तुला नाही कळणार" म्हणत होतो. तिची ती रात्र कशी गेली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

इर्शाळवाडीची माणसं पुढे सिडकोने बांधून दिलेल्या घरांत गेली. तिथल्या एका मावशींनी मला जेवायला बसवलं. पूर्वी मी "नको, नको" म्हणत उठलो असतो. द्यायला आलोय, घ्यायचं कसं, असा माझा तोरा होता. या वेळी तांदळाची भाकरी आणि कुर्डूची भाजी पोटभर खाल्ली. दरडीचं नाव कोणी काढलं नाही. भात कसा आलाय, लेकीचं लग्न कुठे जमतंय, अशाच गोष्टी झाल्या. तो मुलगाही होता, आता उंच झालाय. त्याला मी फक्त कितवीत आहेस ते विचारलं. माफी मागायचं मनात होतं, पण त्यासाठी पुन्हा त्या रात्रीचा विषय काढावा लागला असता. तेव्हा राहू दिलं.

आता रेड अलर्ट आला की आम्ही आधीच पिशव्या भरतो आणि रात्र खाली गावात भावाकडे काढतो. वरच्या चढाची पाहणी करा, म्हणून ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिलाय. त्यावर बायकोची सही माझ्याआधी आहे.