ओढ्याकाठचा अक्षयनिधी

निवृत्तीनंतर रोज चालावे, हा डॉक्टरांचा सल्ला बहुतेकांच्या वाट्याला येतो. मला तो मिळाला आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंडा निसर्गवाटेची ओळख झाली. ओढ्याच्या कडेने जाणाऱ्या या वाटेवर वनविभागाची परवानगी घेऊन, मार्गदर्शकासह जाता येते. पावसाळा सरताना खडकांमधून पाणी झुळझुळत असते. फांदीवर स्वर्गीय नर्तकाचे लांब पांढरे शेपूट हलते. पाण्यालगत खंड्या निश्चल बसलेला असतो. “काका, पक्षी शोधू नका, नुसते उभे राहा,” असे आमच्या तरुण मार्गदर्शकाने सांगितले. ते खरे ठरले.

याच उद्यानात कान्हेरीची शंभरांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. अनेक लेण्यांपाशी कातळात पाण्याची टाकी खोदली आहेत. पावसाचे पाणी साठवण्याची ती व्यवस्था होती. माझे लक्ष मात्र शिलालेखांनी वेधले. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आपल्याला आचार्य जिनसेनांमुळे परिचित आहे. त्याच्या काळातील, इ. स. 9व्या शतकातील एका लेखात गौडदेशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने 100 द्रम्मांची ‘अक्षयनीवी’ ठेवल्याची नोंद आहे. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलास हात न लावता केवळ व्याजातून धर्मकार्य चालवण्याची ठेव. बँकेत आयुष्य घालवलेल्या मला हा शब्द वाचून आप्तेष्ट भेटल्यासारखे वाटले.

ओढा हीदेखील अशीच ठेव आहे. वृक्ष, पालापाचोळा आणि माती हे मुद्दल. पावसानंतरही महिनोन्महिने झिरपणारे पाणी आणि त्यावर जगणारे पक्षी हे व्याज. दहिसर नदी याच वनातून, तुळशी तलावाच्या परिसरातून निघते. वनाची सीमा ओलांडताच मात्र तिच्यात सांडपाणी आणि गोठ्यांतील शेण मिसळते, पात्र आक्रसते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी ही नदी काठच्या वस्त्यांत शिरली. मुद्दल मोडले की हिशेब कधीतरी द्यावाच लागतो.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत एक विषय आला. इमारतीचे सांडपाणी मागच्या नाल्यात सोडणारी जुनी वाहिनी बंद करावी आणि ती महापालिकेच्या मलवाहिनीस जोडावी, असा प्रस्ताव होता. खर्च प्रत्येक सदस्याच्या माथी येणार होता. “एका इमारतीने काय फरक पडणार?” असे काहींनी विचारले. मी त्यांना त्या 100 द्रम्मांची गोष्ट सांगितली. ठेव ठेवणाऱ्याने तिच्या व्याजावर पुढे वस्त्रे मिळालेले भिक्षू पाहिले नसतील. तरीही त्याने ती ठेवली.

सभा निर्णयाविना संपली. विषय पुढील सभेत पुन्हा येईल. माझ्या हिश्श्याचा धनादेश मात्र मी सचिवांकडे आताच देऊन ठेवला आहे.